करवत निवडताना: आधी काप ओळखा, मग दात मोजा, किंमत शेवटी विचारा

सोलापुरात हार्डवेअरच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं तर हे संभाषण हमखास ऐकू येतं. "मालक, एक चांगली करवत द्या." "केवढी?" गिऱ्हाईक दोन्ही हात पसरून लांबी दाखवतं, दुकानदार खिळ्याला लटकवलेली एक काढून देतो, पैसे मोजले जातात. काय कापणार, उभं चिरणार की आडवं तोडणार, लाकूड ओलं की सुकं, हे विचारत कुणी नाही आणि सांगतही कुणी नाही. मग घरी प्लायच्या कडेचे कपचे उडतात, बाभळीत करवत अर्ध्यावर अडकते आणि दोष जातो करवतीला.

बहुतेक वेळा त्या करवतीत काही खोट नसते, ती फक्त दुसऱ्या कामाची असते. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमानं करा. दुकानात जाऊन मग विचार करायचा, असं केलं की निवड दुकानदाराच्या हातात जाते.

## टप्पा १: घरीच चार गोष्टी लिहून काढा

कागदाच्या चिठोऱ्यावर एवढंच लिहा: लाकूड कोणतं, जाडी किती, काप उभा की आडवा, आणि कापलेली कड दिसणार की झाकली जाणार. सोबत त्याच लाकडाचा हातभर तुकडा आणि सहा इंची स्टीलची पट्टी पिशवीत टाका. पट्टी दात मोजायला लागते. तुकडा असला की बोलणं नेमकं होतं, आणि ओळखीचा दुकानदार असेल तर दोन हात मारूनही बघू देतो.

लाकडाबद्दल थोडं सविस्तर, कारण घोळ इथूनच सुरू होतो. सागवान कापायला सोपं वाटतं, पण त्यात वाळूसारखे बारीक कण असतात आणि ते दातांची धार खातात. बाभूळ जड आणि चिवट. कुळवाचं दिंड किंवा बैलगाडीचं काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. कडुलिंबाचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे करवत सरळ चालवली तरी बाजूला ओढ घेते. पॅकिंगच्या खोक्यांचं पाईन मऊ असतं, पण त्याच्या गाठी कडक आणि डिंक चिकट. एमडीएफला, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेल्या फळीला, रेषाच नसतो, मात्र त्यातला गोंद धार लवकर मारतो आणि धूळ इतकी बारीक उडते की मास्कशिवाय कापू नये.

ओलं आणि सुकं यातला फरक आपल्याकडे जास्तच जाणवतो. एप्रिल-मे मध्ये सोलापूरच्या कोरड्या हवेत फळ्या खडखडीत वाळतात, कडेला चिरा पडतात. अशा लाकडात बारीक दातांची करवत सुखानं चालते. तेच पावसाळ्यात नुकत्याच तोडलेल्या कडुलिंबाच्या फांदीला लावली तर ओला भुसा दातांत लगदा होऊन बसतो.

आणखी एक गोष्ट लिहा, जी सहसा कुणी लिहीत नाही: तुम्ही काम कसं करणार? उभं राहून, घोडीवर (फळी टेकवायच्या लाकडी स्टँडवर) फळी ठेवून? की जमिनीवर बसून, पायाखाली फळी दाबून? बसून काम करणाऱ्याला २६ इंची करवत देणं म्हणजे दर हाताला तिचं टोक फरशीवर आपटणं.

तपासा: चिठोऱ्यावर "सगळंच कापायचंय" असं लिहिलं असेल तर थांबा. पुढच्या महिन्याभरात प्रत्यक्ष करणार आहात ती दोन कामं लिहा. करवत त्यांच्यासाठी घ्यायची आहे.

## टप्पा २: उभं चिरायचं की आडवं तोडायचं?

सगळ्या निवडीत हा प्रश्न सर्वांत मोठा. लांबी चुकली तर काम चालून जातं, दाताची जात चुकली तर चालत नाही.

लाकूड म्हणजे लांब रेष्यांची मोळी असं समजा. रेष्यांच्या दिशेनं फळी चिरताना दाताला रेषे तोडावे लागत नाहीत, खरवडून वर काढावे लागतात. म्हणून उभ्या कापाच्या करवतीचे दात छोट्या पटाशीसारखे असतात: टोक सपाट, पुढची बाजू जवळजवळ काटकोनात उभी. आडवं कापताना मात्र प्रत्येक रेषा तोडावा लागतो. तिथं दाताच्या कडा तिरक्या घासलेल्या असतात, एक दात डावीकडे टोकदार, पुढचा उजवीकडे. दोन्ही बाजूंनी आधी रेषे कापले जातात आणि मधला चुरा बाहेर पडतो.

हे ओळखायला चष्मा लावून मिनिटभर पुरतं. करवत उलटी, दात वर करून उजेडाकडे धरा आणि मुठीकडून टोकाकडे नजर टाका. दातांची टोकं बारीक सपाट रेघांसारखी दिसली तर ती उभ्या कापाची. टोकांच्या दोन वेगळ्या रांगा आणि त्यांच्यामधून धावणारी इंग्रजी व्ही आकाराची खाच दिसली तर आडव्या कापाची. आडव्या कापाच्या करवतीची जुनी, खात्रीची परीक्षा सुईनं होते: शिवणाची बारीक सुई त्या खाचेत ठेवा आणि करवत किंचित तिरकी करा. सुई न पडता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घसरत गेली तर दात एकसारखे उघडलेले, म्हणजे आलटून-पालटून डावी-उजवीकडे सारखे कललेले, आहेत. मध्येच अडकली किंवा पडली तर त्या जागचे दात वाकडे आहेत. बोटानं कळत नाही ते सुई सांगते.

जात चुकली की काय होतं? आडव्या कापाच्या करवतीनं फळी चिरायला घेतली तर भुसा पिठासारखा पडतो, दातांमधल्या खाचा भरतात, करवत रेघ सोडते आणि तासाभराच्या कामाला अर्धा दिवस जातो. उभ्या कापाची करवत आडवी चालवली तर काम होतं भरभर, पण कड फाटते आणि खालच्या अंगाला लांब सळ्या निघतात.

दुकानात हल्ली ज्या प्लास्टिकच्या मुठीच्या करवती सर्वांत जास्त दिसतात, त्यांचे दात बहुधा दोन्ही कामांसाठी म्हणून घासलेले असतात. माझं मत असं की त्या आडव्या कापाला चांगल्या आणि उभ्याला जेमतेम. दोन फूट फळी चिरायला चालतील. दारासाठी सात फुटी फळ्या चिरायच्या असतील तर त्यांच्या नादी लागू नका. खरं तर एवढं चिरायचं असेल तर लाकूड वखारीतूनच चिरून आणावं.

सावधान: प्लायला हा नियम अर्धाच लागतो. प्लायचे थर एकाआड एक आडवे-उभे असतात, त्यामुळे कुठूनही कापलं तरी काही थर आडवे येतातच. प्लायसाठी नेहमी आडव्या कापाचे, बारीक दात.

## टप्पा ३: इंचाला दात किती?

पट्टीचं शून्य एका दाताच्या टोकावर ठेवा आणि एक इंचापर्यंत किती खाचा येतात ते मोजा. तेवढे इंचाला दात. पात्यावर छापलेला आकडा कधी दातांचा असतो, तर कधी टोकांचा, आणि टोकं मोजली की आकडा एकानं वाढतो. म्हणून छापील आकड्यापेक्षा आपली पट्टी बरी.

ढोबळ हिशेब असा आहे. फळी उभी चिरायला इंचाला ४ ते ७ दात. फळी आडवी तोडायला ८ ते १०. प्लाय आणि दिसणारी कड असेल तर १० ते १४. कुसू (खाचेत बसवायचं लाकडाचं टोक), खाच अशा जोडकामाला पाठीला पट्टी असलेली करवत, १२ ते १५ दात. डबीचे बारीक जोड १६ ते २०. धातूसाठीच्या हॅक्सॉ ब्लेडला १८, २४ किंवा ३२ असतात, त्यावरूनच कळावं की ते लाकडाचं हत्यार नव्हे. घरोघरी "एक्सा ब्लेड आहे की" म्हणून त्यानं फळी कापायला बसतात. पीव्हीसी पाइप आणि खिळ्यासाठी ते ठीक आहे. लाकडात त्याचे दात मिनिटभरात भुशानं बुजतात आणि पातळ पातं वळवळून काप वाकडा होतो.

आकडे पाठ करायची गरज नाही. एकच कसोटी पुरते: करवत चालत असताना कमीत कमी तीन दात लाकडात असले पाहिजेत, आणि सहा ते बारा असले तर उत्तम. आपला तुकडा काढा आणि मोजा. अर्ध्या इंचाच्या फळीवर इंचाला ५ दातांची करवत सरळ उभी धरली तर अडीच दात लाकडात. म्हणजे प्रत्येक दात कडेला ठेचकाळणार, धक्का बसणार, कपचा उडणार. १८ मिलिमीटर प्लाय म्हणजे पाऊण इंचाच्या आसपास. १२ दाती करवतीचे त्यात साडेआठ-नऊ दात बसतात, झकास. ६ मिलिमीटर प्लायमध्ये तिचेच तीनही बसत नाहीत, म्हणून तिथं करवत उभी न धरता फळीशी अगदी लवती धरायची, म्हणजे जास्त दात एका वेळी टेकतात.

उलट टोकाची चूकही होते. "बारीक दात म्हणजे चांगला काप" असं धरून तीन इंच जाडीच्या बाभळीला १४ दाती करवत लावतात. एका वेळी चाळीसच्या वर दात लाकडात, प्रत्येकाच्या पुढची खाच चिमूटभर, आणि भुसा जायला जागा नाही. हात दुखतो, पातं तापतं, काप इंचभरही पुढे सरकत नाही.

तपासा: तुमच्या दोन कामांची जाडी वेगवेगळी असेल तर दोन्हींसाठी दात मोजा. कसोटीत दोन्ही बसत नसतील तर एका करवतीवर भागणार नाही, हे आत्ताच मान्य करा.

## टप्पा ४: पातं, पाठ आणि मूठ

लांबी दोन गोष्टींवरून ठरते: तुमच्या हाताचा पल्ला आणि काम करायची उंची. गुडघ्याएवढ्या घोडीवर उभं राहून कापणाऱ्याला आडव्या कापासाठी २२ ते २४ इंच आणि उभ्या कापासाठी २६ इंच जुळते. जमिनीवर बसून काम असेल तर १८ ते २० इंचांच्या पुढे जाऊ नका. फ्लॅटच्या बाल्कनीत काम करणाऱ्यालाही तेच.

पाठीला लोखंडी किंवा पितळी पट्टी असलेली करवत म्हणजे पाठीची करवत. सुतार मंडळी टेनन म्हणतात तीच. पट्टीमुळे पातं वाकत नाही, काप सरळ जातो, पण पट्टीच्या खाली खोल जाता येत नाही. तीन इंच उंचीच्या पात्यानं चार इंच जाड तुळईचा तुकडा पडणार नाही, हे उघड आहे, तरी लोक सफाईदार दिसते म्हणून घरात पहिली करवत तीच घेतात.

मूठ हातात घेऊनच बघा. तीन बोटं मुठीत, तर्जनी पात्याच्या दिशेनं पुढे सरळ, अंगठा पलीकडून. असं धरल्यावर चौथं बोटही आत सहज मावलं तर मूठ मोठी आहे, तीन बोटं दाबली गेली तर लहान. लाकडी मुठीचे स्क्रू पिरगाळून बघा. सैल स्क्रू आवळता येतात, तडा गेलेली मूठ मात्र घेऊ नका.

## टप्पा ५: काम समोर ठेवून करवत ठरवा

१. फळी लांबीला कमी करायची. आडव्या कापाची, २२ इंची, ८ ते १० दाती. घरकामात सर्वांत जास्त हेच लागतं.

२. कुसू आणि साल, म्हणजे कुसवाची खाच. इथं एक बारकी गोष्ट लक्षात घ्या. कुसवाचे गाल, म्हणजे त्याच्या सपाट बाजू, रेष्यांच्या दिशेनं कापले जातात आणि खांदे, म्हणजे त्याच्या बुडाशी असलेल्या पायऱ्या, आडवे. म्हणजे एकाच जोडात दोन्ही जातीचे काप. पाठीच्या दोन करवती घेणं परवडत नसेल तर एकच घ्या, आडव्या कापाची. गाल थोडे सावकाश निघतील, पण खांदा स्वच्छ येईल, आणि जोड मिटल्यावर दिसतो तो खांदाच. गालाचा खडबडीतपणा पटाशीनं काढता येतो.

३. प्लाय. १२ दाती किंवा त्याहून बारीक. हातकरवत पुढे ढकलताना दात वरून खाली शिरतात, म्हणून वरची बाजू साफ राहते आणि कपचे खालच्या बाजूला उडतात. चांगली बाजू वर ठेवा. इलेक्ट्रिक गोल करवत आणि जिगसॉ यांचं बरोबर उलटं असतं, आणि यूट्यूबवर मशीन बघून लोक हातकरवतीलाही प्लाय पालथा घालतात. कापाच्या रेघेवर धारदार सुरीनं दोन-तीनदा ओरखडा घ्या, खाली टाकाऊ फळी घट्ट दाबा. एवढं केलं तर साध्या करवतीचीही कड चांगली येते.

४. गोलाई आणि मधलं भोक. गोलाईसाठी धनुष्यासारख्या चौकटीत ताणलेलं बारीक पातं, म्हणजे कोपिंग. फळीच्या मध्ये चौकोन कापायचा असेल तर चिंचोळ्या टोकाची कीहोल करवत, आणि तिच्यासाठी आधी गिरमिटानं भोक पाडायचं. पातं मोडतं, म्हणून जादा पाती घेऊन ठेवा.

५. ओली फांदी. फर्निचरची करवत इथं आणूच नका. छाटणीची करवत वेगळी मिळते: दात मोठे, खाचा खोल, बहुतेकींचे दात ओढताना कापतात. फांदी वर असेल तर आधी खालून पाव भाग, मग वरून, नाहीतर फांदी मोडताना साल सोलून खाली खोडापर्यंत येते. आणि सोलापूर शहरात असाल तर झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतनाच्या कायद्याप्रमाणे. मोठी फांदी असेल तरी आधी विचारलेलं बरं.

६. जुनं लाकूड. वाड्याचे खांब, जुन्या दारांच्या चौकटी, मोडीत निघालेल्या हातमागाची लाकडं. सागवान उत्तम असतं, पण आत खिळे असतात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून सावकाश फिरवा, खिळा असेल तिथं ते चिकटतं. पितळी स्क्रूला मात्र चुंबक ओढत नाही, त्यासाठी भोकांच्या खुणा डोळ्यांनीच शोधाव्या लागतात. या कामाला नवी भारी करवत वापरू नका. स्वस्तातली, दात गेले तरी हळहळ वाटणार नाही अशी घ्या.

ओढून कापणाऱ्या जपानी करवती ऑनलाइन मिळतात. पातं फार पातळ, काप बारीक, आणि बसून काम करणाऱ्याच्या हाताला त्या पटकन बसतात. सुक्या सागवानात आणि प्लायमध्ये त्यांची मजा आहे. बाभळीच्या गाठीत किंवा पिरगाळून चालवल्या तर दात तुटतात, आणि ते घरी घासून परत आणता येत नाहीत.

## टप्पा ६: दुकानात हातात घेऊन तपासणी

वरच्या टप्प्यांनंतर दुकानात तुमच्यासमोर दोन-तीनच करवती उरतात. आता हा क्रम.

१. दात वर करून पात्याच्या कडेवरून एका डोळ्यानं बघा, बंदुकीनं नेम धरतात तसं. पातं सरळ दिसलं पाहिजे. हलका बाक असेल तर बाजूला ठेवा. "वापरून वापरून सरळ होईल" या बोलण्यावर जाऊ नका.

२. टोक आणि मूठ धरून पातं हळूच वाकवा आणि सोडा. चांगलं पातं जिथल्या तिथं परत येतं. ही परीक्षा पाठीच्या करवतीवर आणि जपानी करवतीवर करायची नाही.

३. दात उजेडात बघा. धारदार टोकावर उजेड थांबत नाही. दाताच्या शेंड्यावर पांढरा ठिपका चमकला तर तो दात बोथट आहे. जुन्या बाजारातली करवत घेताना ही खूण फार कामाची.

४. दात दोन्ही बाजूंना सारखे उघडले आहेत का? आडव्या कापाची असेल तर सुई. उभ्या कापाची असेल तर पुन्हा एका डोळ्यानं, दोन्ही रांगा सरळ. उघडणं इतकं असावं की काप पात्याच्या जाडीच्या साधारण दीडपट रुंद पडेल. सुक्या सागवानाला त्याहून थोडं कमी चालतं, ओल्या लाकडाला थोडं जास्त लागतं.

५. दातांची टोकं निळसर-काळी आहेत का? असतील तर ते कडक केलेले दात. धार बरेच दिवस टिकते, पण एकदा गेली की कानस त्यावर घसरते, लावता येत नाही. टोकं पात्याच्याच रंगाची असतील तर त्रिकोणी कानशीनं धार लावून ती करवत वर्षानुवर्षं चालते.

यात कुठली घ्यायची? धार लावता येत असेल किंवा लावून देणारा मिस्त्री जवळ असेल तर साधी. प्लाय आणि एमडीएफ जास्त कापणार असाल तर कडक दातांची, कारण गोंद साध्या दातांची धार फार लवकर घेतो आणि दर आठवड्याला कानस घेऊन बसायचा उत्साह कुणाला असतो?

सावधान: गंज वरवरचा असेल तर घाबरू नका. बारीक पॉलिश पेपर आणि मशीनचं तेल लावून तो जातो. दातांच्या खाचांत खड्डे पडले असतील तर मात्र ती करवत भंगाराच्याच भावानं घ्या, नाहीतर सोडा.

## टप्पा ७: पहिला काप, निवडीची खरी परीक्षा

नवी करवत थेट कामाच्या फळीवर लावायची नाही. पिशवीत नेलेला तुकडाच घ्या.

१. गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) लावून टोकदार पेन्सिलनं रेघ मारा, वरच्या बाजूला आणि पुढच्या कडेलाही. कड विसरली की काप खाली कुठं चालला हे कळत नाही.

२. ठेवायचा भाग घोडीवर आधार देऊन दाबा, पडणारा भाग मोकळा ठेवा. दोन्ही बाजूंना आधार दिला तर फळी मध्ये झुकते, काप मिटतो आणि करवत चिमटते. लोक यालाही करवतीचा दोष म्हणतात.

३. करवत रेघेवर नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूला. रेघ कापून झाल्यावरही दिसली पाहिजे.

४. पात्याला डाव्या अंगठ्याच्या पेराचा आधार द्या आणि सुरुवातीला दोन-तीन वेळा करवत फक्त मागे ओढा. खाच पडली की अंगठा काढा. खाच पडण्याआधीच जोरात पुढे ढकलणं हे बोटं कापण्याचं नेहमीचं कारण आहे.

५. आडव्या कापाला करवत फळीशी साधारण ४५ अंशात, उभ्या कापाला ६० अंशात. मेणबत्ती दोन्ही बाजूंनी एकदा फिरवा, घर्षण कमी होतं.

६. पूर्ण पात्याचा वापर करा. मधले चार इंच पुढे-मागे करणाऱ्याची करवत मध्येच बोथट होते. दाब देऊ नका, करवतीच्या वजनानं कापू द्या.

७. शेवटच्या इंचाला डावा हात पडणाऱ्या तुकड्याखाली. नाहीतर तो आपल्याच वजनानं मोडून रेषे फाडून नेतो.

कापलेल्या तोंडाला गुण्या लावा आणि उजेडात धरा.

## टप्पा ८: काप बिघडला तर दोष कुठं शोधायचा

करवत दर वेळी एकाच बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचे दात जास्त उघडले आहेत. त्या बाजूनं बारीक धार-दगड दातांवर अगदी हलका एकदा फिरवा आणि पुन्हा काप घेऊन बघा. एकदाच. घाईत दोन-तीनदा फिरवला तर ओढ दुसरीकडे जाते. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल तर ती करवतीची नाही, मनगटाची गोष्ट आहे. तर्जनी पुढे ठेवा.

सुरुवातीलाच उड्या मारत असेल तर दात मोठे आहेत, टप्पा ३ ची कसोटी पुन्हा लावा. मध्ये अडकत असेल तर आधी आधार बघा, मग लाकडाचा ओलावा, आणि त्यानंतरच दातांच्या उघडण्यावर संशय घ्या. लांब फळी चिरताना काप मिटत असेल तर मागे छोटी लाकडी पाचर सरकवत राहा.

कापाच्या भिंतीवर खोल ओरखडे असतील तर एखादा दात इतरांपेक्षा जास्त बाहेर आहे, सुई पुन्हा काढा. भुसा पिठासारखा आणि हात भरून आलेला, तर दात लाकडाच्या मानानं बारीक आहेत किंवा बोथट. पांढरे ठिपके बघा, म्हणजे दोन्हींतलं कोणतं ते कळेल.

घरासाठी एकच घ्यायची असेल तर माझी निवड २२ इंची, ९-१० दाती, आडव्या कापाची. दुसरी १२ इंची पाठीची करवत. उभ्या कापाची तिसरी, आणि तीही स्वतः फळ्या चिरणार असाल तरच. दातांवर जुन्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा किंवा पुठ्ठा चढवून करवत भिंतीला टांगा. पेटीत पटाशी-हातोडीबरोबर टाकली की दात लोखंडावर घासतात आणि सुईची परीक्षा पुढच्याच महिन्यात फसते.